नवसाबाईंनी लावलेली हरळी

सायखेड्याच्या नवसाबाईंनी उभ्या जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही, एक हरळी सोडून. गोदाकाठची काळीभोर जमीन, त्यात कांदा, मेथी, वांगी काहीही लावा, आपल्या आधी तिथं हरळी हजर. वरून कापली तर दुप्पट फुटायची. खाली जमिनीत तिच्या पांढऱ्या काशा दोऱ्यासारख्या पसरलेल्या, त्यातला बोटभर तुकडा राहिला तरी पंधरवड्यात अख्खा वाफा हिरवा. बाकीच्या बाया खुरपायला बसल्या की गप्पा मारत मारत वरवरची पात ओढायच्या. नवसाबाई मात्र दात-ओठ खात मुळापर्यंत जायच्या. हाताला काशी लागली की ती तुटू न देता हळूहळू ओढत पार शेवटच्या टोकापर्यंत काढायची आणि बांधावर उन्हात फेकायची, हा त्यांचा नेम. त्यांचे मालक गोटीराम म्हणायचे, "नवसा वाफ्यात बसली की हरळी गाव सोडून जाती."

गोटीराम गेले. शेती थोरल्या सहादूकडे होती, त्याची बायको कामाला वाघीण होती, घरात कशाला कमी नव्हतं. पण नवसाबाईंचं मन लागेना. धाकटा संतोष ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नोकरीला. त्यानं नाशिकला आडगाव नाक्याच्या पुढं एका नव्या कॉलनीत छोटासा बंगला बांधला होता. बायको भाग्यश्री पंचवटीतल्या एका शाळेत शिक्षिका. त्यांची साई दीड वर्षाची झाली आणि तिला सांभाळणारी बाई अचानक काम सोडून गेली. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर संतोष सायखेड्याला आला आणि म्हणाला, "आई, आता तूच चल."

नवसाबाईंनी दोन लुगडी, कुंकवाशिवायची फणेरपेटी आणि खुरपं एवढं बरोबर घेतलं. संतोष हसला. "तिथं खुरपं कशाला?" "असू दे," त्या म्हणाल्या. "मोकळ्या हातानं जायचं बरं दिसत नाय."

बंगला त्यांना आवडला. नळाला रोज पाणी, घरात फरशी, साई तर पहिल्या दिवशीच मांडीवर येऊन बसली. एकच गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. फाटकातून आत आलं की घरासमोर चांगली दोन-तीन वाफ्यांची जागा होती, आणि तिच्यात नुसतं गवत. तेही दुसरं-तिसरं कुठलं नाही, हरळीच. जराशी बारीक पातीची, पण हरळीच ती. नवसाबाई तिला अंधारात हात लावून ओळखतील. तिला सून सकाळी शाळेत जायच्या आधी पाइपानं पाणी घालत होती, हे पाहून त्यांना वाटलं, पोरीला शेतातलं कळत नाही. शाळेमुळं खुरपायला सवड मिळत नसेल. विचारलं तर बिचारीला लाज वाटेल.

पुढच्याच आठवड्यात एके दिवशी सकाळी संतोष कंपनीच्या बसनं गेला, भाग्यश्री शाळेत गेली, साई न्हाऊन झोपली. नवसाबाईंनी ओट्यावर बसून थोडा वेळ गवताकडं पाहिलं. मग आतून खुरपं आणलं, पदर खोचला आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात बसल्या. कितीतरी दिवसांनी हाताला माती लागली होती. काशा निघत गेल्या तसा त्यांचा जीव हलका होत गेला. साई उठेस्तोवर कोपऱ्यापासून मधल्या पायरीपर्यंतची जागा लख्ख झाली होती. दुपारी शेजारच्या दुकानातून मेथी-कोथिंबिरीचं बी आणून त्यांनी दोन वाफे पाडले, पाणी शिंपडलं आणि हातपाय धुऊन सुनेची वाट बघत बसल्या. आता ती येईल, बघेल आणि खूश होईल.

भाग्यश्री आली. फाटकातच थांबली. हातातली पिशवी तिनं हळूच खाली ठेवली.

"मोकळं केलं सगळं," नवसाबाई कौतुकानं म्हणाल्या. "लय माजली होती गं हरळी. म्हैनाभरात घरची मेथी खाशील."

भाग्यश्री म्हणाली, "हो का. बरं झालं." आणि आत गेली. न्हाणीघराचं दार लागलं आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

संध्याकाळी संतोषनं कपाळावर हात मारला. "आई, ते लावलेलं गवत होतं! नर्सरीवाल्याकडून आणून लावलंय. लॉन म्हणतात त्याला."

"लावल्यालं?" नवसाबाईंना कळेचना. "गवत? गवत कोण लावतं रं?"

"शहरात लावतात."

"कशाला? गुरं कुठंत?"

आपण केवढं करून बसलो हे नवसाबाईंना हळूहळू उमगलं. सुनेनं त्याबद्दल एक चकार शब्द काढला नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, "आई, तुम्हांला अजून वाढू का?" हेही रोजच्यासारखंच. सहादूची बायको असती तर चांगली कडाकडा भांडली असती, भांडी आपटली असती आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला तेल लावून घ्यायला येऊन बसली असती. भाग्यश्रीच्या गप्प बसण्याला काय करावं, हे नवसाबाईंना माहीत नव्हतं. वाफ्यात मेथी मात्र कधी नव्हे अशी तरारून आली. तिची भाजी केली त्या दिवशी भाग्यश्रीनं दोनदा वाढून घेतली आणि नवसाबाईंना अगदी भडभडून आलं.

"भाग्यू," त्या म्हणाल्या, "मला शिव्या दे, पण बोल. असं नको करू. माझ्याच्यानं सोसत नाय."

भाग्यश्री पाटावरची भांडी आवरत होती. ती तशीच खाली बसली. म्हणाली, "तुमचा राग नाही हो आई. तुम्हांला कुठं माहीत होतं?" आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली.

ती मनमाडची. वडील सावळीराम रेल्वेत. तिच्या लहानपणी मनमाडला नळाला पाणी यायचं ते आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी. कधी तेही नाही. आंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात कपडे बुचकळायचे, तेच पाणी फरशीला आणि उरलं तर तुळशीला. लग्न ठरवताना मुलाकडं पाणी किती दिवसांनी येतं हे लोक आधी विचारायचे. शाळेच्या वाटेवर एका साहेबांचा बंगला होता. त्यापुढं हिरवळ होती आणि माळी तिच्यावर पाइप सोडून द्यायचा.

"मी कुंपणाबाहेर रिकामा हंडा घेऊन उभी राहायची," भाग्यश्री म्हणाली. "मला त्या गवताचा असा राग यायचा! वाटायचं जाऊन उपटून टाकावं. आणि आई, तेव्हाच असंही वाटायचं की एकदा त्याच्यावर अनवाणी चालून बघावं. घर बांधताना मी यांच्याकडं दुसरं काही मागितलं नाही. ना दागिना, ना कपाट."

नवसाबाईंच्या डोळ्यांपुढं गोदावरी होती. त्यांच्या दाराशी बारमाही वाहणारी, आणि पाण्याला किंमत असते हे त्यांना कधी जाणवूही न देणारी. त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "मीच लावून देते," त्या म्हणाल्या. "जी उपटली ती मीच लावून देते. हरळीच हाय, तिला काय लागतंय?"

इथंच त्यांचा अंदाज चुकला. हरळी उपटणं त्यांना येत होतं, लावणं कधी केलंच नव्हतं. होळीला सायखेड्याला गेल्या तेव्हा बांधावरून गोणीभर हरळी काढून घेऊन आल्या. आई गवताची गोणी एसटीत चढवते आहे हे पाहून सहादू पोट धरून हसला. "आये, न्यायचीच तर आमच्या कांद्यातली ने. चार गोण्या निघतील, भाड्याला मी पैसे देतो."

गोणी नाशिकला आली. नवसाबाईंनी वाफ्यात ताजं शेण टाकलं, कांद्याच्या रोपासारखी सरळ ओळीत हरळी लावली आणि भरपूर पाणी पाजलं. महिन्याभरात काय विचारता! बाकी लॉन बारीक, मऊ आणि पोपटी, आणि या कोपऱ्यात गुडघ्याला टेकणारं राठ, राखाडी गवत. शेणाबरोबर आलेला लव्हाळा मधूनमधून तुरे काढून उभा. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून विचारायचा, "इथं म्हैस घेताय का?"

भाग्यश्रीनं तोंडाला पदर लावून हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो फसला. तिला हसताना पाहून नवसाबाईही हसायला लागल्या. दोघी ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. सासू-सुनेचं खरं सूत तिथं जमलं.

मग आषाढात, पावसाची झड थांबून माती हाताला मोकळी लागायला लागली तेव्हा दोघींनी मिळून पुन्हा सुरुवात केली. गावाकडची हरळी काढायचं काम अर्थातच नवसाबाईंचं. त्यांनी एक काशी म्हणून मागं ठेवली नाही. पुढचं भाग्यश्रीनं नर्सरीवाल्याला विचारून घेतलं होतं. उघड्या जागेच्या कडा सरळ कापून घ्यायच्या. माती वीतभर खणून भुसभुशीत करायची. मुरलेलं खत, वाळू आणि पोयट्याची गाळमाती चाळणीनं चाळून वर पसरायची, आणि आजूबाजूच्या जमिनीशी पातळी जुळवून घ्यायची, नाहीतर तिथं पाणी साचतं. नवसाबाईंना हे सगळं लगेच पटलं, कारण रोप टाकायला गादीवाफा करतात तो असाच. मागच्या भिंतीकडं कुणाच्या नजरेस न पडणारी लॉनचीच एक दाट पट्टी होती. तिथून त्यांनी मातीसकट छोटे छोटे ठोंब काढले.

"केवढ्या अंतरावर लावायचे?" भाग्यश्रीनं विचारलं.

"तुझा नर्सरीवाला काय म्हणतो?"

"टीचभर."

"मंग टीचभर. आपली अक्कल एकदा चालवून बघितलीच की."

एक एक ठोंब लावून दोघी तळहातानं दाबत गेल्या. साई मागून येऊन आपले इवलेसे हात त्यावर आपटत होती. झारीनं सकाळ-संध्याकाळ पाणी. काठ्या रोवून सुतळी बांधली, म्हणजे कुणी पाय देऊ नये. हलक्या हातानं ओढून बघितल्यावर ठोंब उपटून येईना, तेव्हा मूळ धरलं असं समजून नवसाबाईंनी सुतळी सोडली. श्रावण संपेपर्यंत कुठं जुनं आणि कुठं नवं हे सांगता येईनासं झालं. भाग्यश्री चपला काढून त्यावर इकडून तिकडं चालली. नवसाबाई पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "गुदगुल्या होत्यात का गं?"

तेव्हापासून ते लॉन नवसाबाईंचं झालं. त्याला कुठं टक्कल पडलं की त्यांना रात्रीची झोप लागायची नाही. आणि टक्कल पडायला कारणं काय कमी? गणपतीत कॉलनीतल्या बाया दूर्वा न्यायला यायच्या आणि सगळ्याजणी फाटकाजवळूनच खुडायच्या. नवसाबाईंना देवाच्या कामाला नाही म्हणवेना. मग त्या स्वतःच टोपली घेऊन बसायच्या आणि सगळीकडून थोड्या थोड्या दूर्वा खुडून जुड्या बांधून द्यायच्या. कॉलनीतल्या दुसऱ्या बंगल्यांतही पुढं लॉनं झाली. कुणाचं उन्हानं जळायचं, कुणाचं मांडवाच्या खड्ड्यांनी उखडायचं. बाया नवसाबाईंना बोलावून न्यायच्या. त्या आनंदानं जायच्या, गप्पा हाणायच्या, चहा प्यायच्या आणि येताना आपल्याच मागच्या पट्टीतले ठोंब देऊ करायच्या. सायखेड्याहून फोन आला की सहादू विचारायचा, "काय आये, हरळी बरी हाय ना?"

दोन हजार चार साली पावसाळ्याआधी भाग्यश्रीच्या वडिलांचं, सावळीरामांचं, हृदयाचं ऑपरेशन नाशिकला झालं. बायको आधीच वारली होती, मनमाडला ते एकटेच राहायचे. भाग्यश्रीनं त्यांना घरी आणलं. ज्या माणसानं आयुष्यभर गाड्यांच्या खडखडाटात नोकरी केली, त्याला आता शेजारून स्कूटर गेली तरी दचकायला व्हायचं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. रस्त्यावर जायची त्यांना भीती वाटायची. मग ते लॉनवरच चालायला लागले. भिंतीकडून फाटकाकडं, फाटकाकडून भिंतीकडं, सकाळी आणि संध्याकाळी, पायात कापडी बूट, एक हात छातीवर.

नवसाबाई दाणे निवडत ओट्यावर बसायच्या आणि सगळं बघायच्या. आठ-पंधरा दिवसांत गवत निजलं, महिन्याभरात पिवळं पडलं, आणि मग हिरवळीच्या बरोबर मधून मातीची एक पायवाट उघडी पडली.

"व्याही," त्या एक दिवस म्हणाल्याच, "जरा बाजूबाजूनं चालत चला की. सगळा भार एकाच जागी पडतोय."

"विहीणबाई, माफ करा," सावळीराम ओशाळून म्हणाले. "रुळावरची सवय. वाकडंतिकडं जाताच येत नाही."

"मंग काय, चाला सरळ. ठेसन आलं की सांगा, चहा टाकते."

सावळीराम हसले. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. भाग्यश्रीनं खिडकीतून ते ऐकलं आणि तिथंच उभी राहिली. नंतर स्वयंपाकघरात ती सासूला म्हणाली, "तुम्हांला लॉनचं वाईट वाटत असेल."

"वाटतं तर," नवसाबाई म्हणाल्या. "पण मानूस चालतंय ना? मागल्या म्हैन्यात दोन फेऱ्यांत दमायचे. आता बघ, खाली न बसता साईला गोष्ट सांगत चालत्यात."

गणपती झाल्यावर सावळीरामांना बरं वाटलं. त्यांना घरची ओढ लागली होती. दिवाळीला परत येतो म्हणून ते मनमाडला गेले. ते गेले त्या संध्याकाळी भाग्यश्री पायरीवर बसून त्या पायवाटेकडं बघत राहिली. नवसाबाई मागून आल्या, हातात खुरपं आणि संतोषकडून मागून घेतलेला लोखंडी गज.

"आई, राहू द्या ना ती," भाग्यश्री म्हणाली. "अप्पांनी चालून चालून केलीय. बघितली की वाटतं, आहेत इथंच."

नवसाबाईंनी खाली बसून मातीवर बोटानं टकटक केलं. फरशीसारखा आवाज आला. "ऐकलं? दगड झालाय नुसता. दिवाळीला आले की त्याच्यावरच चालत्याल ते, दुसरीकडं पाय टाकायचे नाहीत. गुडघे जातील गं त्यांचे. मऊ नको का पायाखाली?"

भाग्यश्रीचे डोळे भरून आले. तिनं पदर खोचला आणि गज हातात घेतला.

कडक झालेल्या मातीत ठोंब लावून भागत नाही, हे आता दोघींनाही माहीत होतं. भाग्यश्रीनं गजानं जागोजागी खोल भोकं पाडली. दोघींनी रात्रभर पाणी मुरू दिलं, दुसऱ्या दिवशी माती उलथली, चाळलेलं खत-वाळू मिसळली. नवसाबाईंचे गुडघे आता पहिल्यासारखे वळत नव्हते. थोडा वेळ त्या उकिडव्या बसल्या, मग फतकल मारली, शेवटी संतोषनं खुर्ची आणून दिली. खुर्चीवरून त्या ठोंब वेगळे करून द्यायच्या आणि भाग्यश्री लावत जायची. साई सात वर्षांची झाली होती. ती झारी भरभरून आणत होती आणि निम्मी स्वतःच्या पायांवर सांडत होती. दसरा आला तोवर कोंब एकमेकांना भिडले होते.

दिवाळीत सावळीराम आले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थबकले. समोर सगळं सलग हिरवं. चालायला जायची वेळ झाली तरी ते कडेच्या फरशीवरच उभे.

"काय झालं अप्पा?" भाग्यश्रीनं विचारलं.

"अगं, एवढं छान केलंय तुम्ही. मी परत खराब करणार. मी आपला गच्चीवर चालतो."

नवसाबाई करंजीचं सारण परतता परतता ओट्यावर येऊन हात पुसत होत्या. तिथूनच त्यांनी आवाज दिला, "व्याही, बूट काढा आन् चाला. गच्चीबिच्ची काय नको. तुमच्या पायाखाली यावी म्हणूनच लावलीया ती."

सावळीरामांनी खाली वाकून बूट काढले, मोजे काढले. इतक्या फेऱ्या मारल्या, पण गवतावर त्यांनी कधी उघडा पाय ठेवला नव्हता. त्यांनी एक पाऊल गवतावर टेकवलं, मग दुसरं. थोडं चालून ते थांबले आणि आपल्याच पायांकडं पाहत म्हणाले, "गार लागतं गं, भाग्या."

"हो ना अप्पा?" भाग्यश्री म्हणाली. तीही चपला काढून त्यांच्या शेजारी चालायला लागली.

नवसाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग कढईतलं करपायला नको म्हणून आत गेल्या.